ठावठिकाण्याचा साठा कुणाकडे?

मोबाइल फोनवरून माणसाचा ठावठिकाणा दाखवणारी ॲप्स वापरावीत की नाहीत, या प्रश्नावर जितक्या हिरिरीने बोलले जाते तितक्या काळजीने विचार होताना दिसत नाही. एका बाजूला पालक आहेत, वाहनांचे मालक आहेत, पोलीस आणि बचावकार्य करणारे लोक आहेत. माणूस कुठे आहे हे कळले की त्याचा जीव वाचतो, असे ते सांगतात आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने घाबरू नये, अशी पुस्ती जोडतात. दुसऱ्या बाजूला फोनमधले जीपीएस म्हणजे खिशातला हेर असे मानणारे लोक आहेत. लोकेशन बंद करा, ॲप काढून टाका, एवढाच त्यांचा सल्ला असतो. या दोघांखेरीज तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा वर्ग आहे तो हताश झालेल्यांचा. आपली सगळी माहिती केव्हाच सगळीकडे पोहोचली आहे, मग आता चर्चा कसली, असे तो विचारतो. तिघेही प्रामाणिक आहेत, पण फोनला आपले ठिकाण कळणे आणि त्या ठिकाणांची नोंद दुसऱ्या कुणाकडे साठत जाणे ही एकच गोष्ट आहे, असे तिघांनीही गृहीत धरले आहे.

त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा वाद त्यांतल्या दुसरीपुरताच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. माणूस या घडीला कुठे आहे हे कळण्याची गरज खरी असते, पण ती त्या घडीपुरती असते. तो गेले सहा महिने कुठे कुठे गेला याचा साठा मात्र आपोआप तयार होत नाही. तो करायचा असे कुणीतरी ठरवलेले असते, आणि तसे का ठरवले हे सांगण्याची जबाबदारी साठा करणाऱ्याची आहे. ज्याचा माग ठेवला जातो त्याला ते सतत दिसले पाहिजे. काम झाले की नोंद पुसली गेली पाहिजे. जे काम फोनच्या आतच होऊ शकते त्यासाठी ती नोंद फोनबाहेर जाता कामा नये. या तीन अटी पाळणारे ॲप मी निःशंकपणे वापरावे असे म्हणेन. न पाळणारे ॲप कितीही सोयीचे असले तरी त्याला कायद्याने आळा घातला पाहिजे.

घोळाचे मूळ तंत्र नीट न समजण्यात आहे, म्हणून आधी तेवढे पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात, आणि आपण कुठे आहोत व आपल्या अणुघड्याळात किती वाजले आहेत, एवढेच प्रत्येक उपग्रह अखंड प्रसारित करत राहतो. फोन ते ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून त्या उपग्रहाचे अंतर निघते, आणि चार उपग्रहांचे संदेश मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या साध्या घड्याळातली चूक ही चारही उत्तरे सुटतात. या सगळ्यात फोन उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. नकाशा आधी उतरवून घेतलेला असेल तर सिम कार्ड नसलेला फोनसुद्धा डोंगरात वाट दाखवतो आणि त्याचा ठावठिकाणा जगात इतर कुणालाही कळत नाही. मोबाइल नेटवर्कचे नेमके उलटे आहे. आलेला कॉल तुमच्यापर्यंत पोहोचवायचा तर तुम्ही कोणत्या टॉवरच्या परिसरात आहात हे नेटवर्कला ठाऊक असणे भागच असते, आणि फोनमधले लोकेशन बंद केल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. जीएसएम या जुन्या मोबाइल पद्धतीत तर फोन टॉवरपासून किती दूर आहे हेही सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांनी नेटवर्कला कळते. तिसरा मार्ग आसपासच्या वाय-फाय राउटरांचा आहे. फोन त्यांचे ओळखक्रमांक टिपतो आणि कोणता राउटर कुठे आहे याच्या आधीच तयार केलेल्या यादीशी ते ताडून पाहिले जातात. ही यादी बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असते. या तिन्हींपैकी कोणत्याही मार्गाने मिळालेले उत्तर उचलून इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवण्याचे काम ॲप करते.

तेव्हा 'जीपीएस आपल्यावर पाळत ठेवते' हे जितके चुकीचे, तितकेच 'लोकेशन बंद केले, आता कुणाला काही कळणार नाही' हेही चुकीचे आहे. हा गैरसमज केवळ सामान्य माणसांपुरता नाही. भारतात आरोपीने नकाशाच्या ॲपवर आपल्या ठिकाणाची खूण टाकावी आणि ती तपास अधिकाऱ्याला दिसू द्यावी, अशी अट जामिनाच्या आदेशात घातली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी अशी अट रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालणे म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने सांगितले. पण निकालाची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. ॲप चालवणाऱ्या कंपनीकडून तांत्रिक माहिती मागवल्यावर असे स्पष्ट झाले की अशी खूण टाकल्याने त्या माणसाचा चालू ठावठिकाणा मुळी कळतच नाही. न्यायाच्या दरबारातही आपण काय मागतो आहोत हे न पाहता ते मागितले गेले होते.

नेटवर्कला ठिकाण कळावेच लागते, मग त्याची नोंद ठेवली तर बिघडले कुठे, असा प्रश्न यावर येतो. हा प्रश्न नवा नाही. टपालखात्यालाही पत्ता कळावाच लागतो. इटलीतून परागंदा होऊन लंडनला राहिलेल्या जोसेफ मॅझिनीला १८४४ मध्ये आपली पत्रे वाटेत उघडली जातात असा संशय आला, तेव्हा पाकिटांत खसखशीचे दाणे आणि वाळूचे कण घालून त्याची खात्री करून घेण्यात आली. पत्र हाती पडेपर्यंत ते दाणे गायब झालेले असत. प्रकरण ब्रिटनच्या संसदेत गेले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती हे बाहेर आले. त्या वेळी सरकारच्या बाजूने राज्याच्या सुरक्षिततेचेच कारण पुढे आले होते. लोकांनी त्यावर पत्रे पाठवणे थांबवले नाही, किंवा टपालखात्याने पत्ता वाचू नये अशी वेडगळ मागणीही केली नाही. निरोप पोहोचवण्यासाठी जे कळावे लागते त्याचा दुसऱ्या कामासाठी किती आणि कुणाच्या परवानगीने उपयोग व्हावा, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि टपालखात्यातली ती गुप्त शाखा बंद करावी लागली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी प्रश्न आपल्यापेक्षा अचूक जागी नेऊन ठेवला होता.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. ठावठिकाणा कळल्याने जीव वाचतात हे निर्विवाद आहे. जीपीएस सर्वसामान्यांच्या हाती आले त्यामागे एक भीषण दुर्घटनाच होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने ही लष्करी यंत्रणा पुढे नागरी वापरासाठी खुली राहील असे जाहीर केले. मे २००० मध्ये नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूकही काढून टाकण्यात आली, आणि शंभरेक मीटरचा फरक वीसेक मीटरच्या आत आला. आपत्कालीन कॉलचे उदाहरण तर याहून थेट आहे. घरातल्या जुन्या फोनवरून मदतीसाठी कॉल केला की पत्ता क्रमांकावरून निघत असे. मोबाइल आला आणि ती सोय गेली. भेदरलेल्या, जखमी किंवा अनोळखी जागी अडकलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे सांगताच येईना, आणि टॉवरवरून काढलेला अंदाज शेकडो मीटरपासून कित्येक किलोमीटरपर्यंत चुकू लागला. यावर उपाय म्हणून मार्च २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनला ११२ क्रमांकावर कॉल होताच आपले नेमके ठिकाण मदत यंत्रणेला कळवता आले पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. ज्यांना या सोयीतही केवळ पाळत दिसते त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही.

पण ही सोय चालते कशी, हे पाहा. माणूस मदतीचा क्रमांक फिरवतो त्या क्षणी फोन स्वतःहून ठिकाण शोधतो, काही सेकंदांत ते एका संदेशातून फक्त मदत यंत्रणेला कळवतो आणि पुन्हा पूर्वस्थितीत जातो. कालचे ठिकाण त्यात नसते, परवाचे नसते, आणि ज्याने मदत मागितली नाही त्याचे तर नसतेच. ठावठिकाण्याच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद केला जातो, त्याची पूर्ण गरज अखंड माग न ठेवता भागते. मग चोवीस तास चालणाऱ्या आणि वर्षानुवर्षे साठणाऱ्या नोंदीचे समर्थन याच युक्तिवादाने कसे करता येईल? जीव वाचवण्याची पुण्याई एका यंत्रणेने मिळवायची आणि तिच्या जोरावर दुसऱ्याच यंत्रणेने परवाना मागायचा, असे आज चालले आहे.

'लपवण्यासारखे काही नाही' या वाक्याकडे वळू. हे बोलणारा माणूस सहसा नकाशावरच्या एका ठिपक्याचा विचार करत असतो. मी आत्ता बाजारात आहे हे कुणाला कळले तर कळू दे, असे त्याच्या मनात असते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहे. पण ठिपके एकामागून एक जोडले की त्यांचे चरित्र होते. जर्मनीतील ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पित्झ यांनी न्यायालयीन झगड्यानंतर आपल्या मोबाइल कंपनीकडून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या आणि २०११ मध्ये त्या जाहीर केल्या. त्या ३५,८३० नोंदी होत्या. त्यांत एकाही संभाषणाचा मजकूर नव्हता, तरी ते कधी झोपले, कोणत्या रेल्वेने गेले, कोणत्या सभेला हजर राहिले, हे सगळे नकाशावर उलगडून दाखवता आले. नाव काढून टाकले की प्रश्न मिटतो, असे कंपन्या सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या, आणि वेळेसह केवळ चार ठिकाणे ठाऊक असली तर त्यांतल्या ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा ओळखता येतो, असे आढळले. हे समजायला गणित लागत नाही. रोज रात्री एका विशिष्ट घरात आणि रोज दिवसा एका विशिष्ट कचेरीत असणारा माणूस जगात बहुधा एकच असतो. त्याचे नाव पुसले तरी त्याचे घर कसे पुसणार?

शिवाय गुपित म्हणजे गुन्हा नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, घटस्फोटासाठी वकिलाला भेटणे, नोकरी बदलण्यासाठी मुलाखत देणे, भिन्न धर्माच्या व्यक्तीला भेटणे, कर्करोगाच्या रुग्णालयात दर आठवड्याला जाणे, यांतले काहीही बेकायदा नाही. तरी ते कुणाला केव्हा सांगायचे हे ठरवणे माणसाच्या सन्मानाचा भाग आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक चर्चच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला, कारण बाजारात विकत मिळणाऱ्या ॲपच्या नोंदींतून त्याच्या फोनचा माग काढून त्याचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले गेले. त्याचे वागणे चर्चच्या नियमांत बसत होते की नाही, हा वेगळा विषय. कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाविना, कोणत्याही तक्रारीविना, एका माणसाच्या काही वर्षांच्या हालचाली कुणीही विकत घेऊ शकतो, ही त्यातली भयंकर गोष्ट आहे.

धोका एकेका माणसापुरताही राहत नाही. धावणे आणि सायकल चालवणे यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित, निनावी नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की ओसाड प्रदेशांत त्या नकाशावर उजळलेल्या रेषा म्हणजे लष्करी तळांच्या आतल्या वाटा आहेत. धावायला निघालेल्या एकाही सैनिकाकडे लपवण्यासारखे काही नव्हते. आपण रोज किती धावतो एवढेच तो पाहत होता. तळावरच्या इतरांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला होता? आपला माग कधीच निव्वळ आपला नसतो. ज्यांच्या घरी आपण जातो आणि ज्यांच्यासोबत आपण बसतो, त्यांचीही नोंद आपण करत असतो.

साठ्याचा विचार करताना मला नेदरलँड्सचा इतिहास टाळता येत नाही. त्या देशात लोकसंख्येची नोंदवही अत्यंत नीटनेटकी होती. प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि धर्म तिच्यात होता, आणि तो कुणाचा छळ करण्यासाठी नव्हे तर चांगला कारभार करण्यासाठी नोंदवलेला होता. नोंदणाऱ्या कारकुनांवर लोकांचा विश्वास होता आणि तो अनाठायी नव्हता. मग १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि तीच कपाटे नव्या मालकाच्या हाती गेली. त्या देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले. याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष नोंदवहीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही, पण कोण कुठे राहतो हे मारेकऱ्यांना शोधावे लागले नाही, हेही खरे आहे. २७ मार्च १९४३ रोजी पोलिसांच्या वेशात आलेल्या प्रतिकार चळवळीतील लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. कागद जाळण्यासाठी त्यांनी जिवाची बाजी लावली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. साठा किती घातक ठरू शकतो हे त्या लोकांना कळले होते, पण तोपर्यंत तो जमा होऊन अनेक वर्षे उलटली होती.

हे युद्धकाळातील हुकूमशाहीचे उदाहरण आहे, कायद्याने चालणाऱ्या देशात असे होणार नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे, म्हणून अगदी अलीकडचे आणि शांततेच्या काळातले उदाहरण देतो. २०२० च्या महासाथीत सिंगापूरने संपर्कातील लोक शोधण्यासाठी एक ॲप काढले. त्यातून मिळणारी माहिती केवळ साथ रोखण्यासाठीच वापरू, असे लोकांना सांगितले गेले होते. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत स्पष्ट झाले की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मिळवू शकतात. लोक संतापले आणि फेब्रुवारीत नवा कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांच्या काही प्रकारांपुरता मर्यादित करावा लागला. इथे हुकूमशहा नव्हता, युद्ध नव्हते, लबाडीचा हेतूही असेलच असे नाही. माहिती उपलब्ध होती आणि नवे निमित्त मिळाले, एवढे पुरले. त्याच साथीसाठी ॲपल आणि गूगल यांनी मिळून केलेली रचना याच्याशी ताडून पाहावी. तिच्यात फोन एकमेकांना ब्लूटूथवरून सतत बदलणारे सांकेतिक क्रमांक देत, ठिकाण कुठेच नोंदवले जात नसे, आणि आपण बाधिताच्या जवळ होतो का याचा ताळा प्रत्येकाच्या फोनमध्येच होई. त्या रचनेलाही उणिवा होत्या. आरोग्य खात्यांना त्यातून साथीचे चित्र उमटत नाही, अशी रास्त तक्रार होती. पण पोलिसांनी मागितले तरी देण्यासारखे तिच्याकडे फारसे काही नव्हते. माहिती न देण्याचे वचन मोडता येते, नसलेली माहिती मात्र कुणालाच देता येत नाही.

पोलिसांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. फोनच्या नोंदींमुळे खुनी सापडले आहेत, पळवून नेलेली मुले घरी आली आहेत, आणि निरपराध माणूस घटनास्थळी नव्हताच हेही याच नोंदींनी सिद्ध झाले आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा आणि परवानगीचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये आलेल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी एका संशयिताच्या १२७ दिवसांतील १२,८९८ ठिकाणांची नोंद मोबाइल कंपनीकडून घेतली होती, आणि त्यासाठी झडतीचे वॉरंट काढलेले नव्हते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला की एवढ्या तपशिलाचा माग घ्यायचा तर वॉरंट हवे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याआधी, ८ एप्रिल २०१४ रोजी, सर्व नागरिकांच्या संपर्काच्या नोंदी सरसकट साठवायला लावणारा निर्देशच रद्द केला होता. यांपैकी कोणत्याही न्यायालयाने पोलिसांचे हात बांधले नाहीत. एका माणसावर संशय घेण्यास कारण आहे हे आधी दाखवा आणि मग त्याचा माग घ्या, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांचा माग आधी साठवायचा आणि गुन्हेगार कोण ते नंतर पाहायचे, या पद्धतीत गुन्ह्याच्या वेळी तिथून सायकलवरून गेलेला वाटसरूही संशयित ठरतो आणि आपण तिथे कशाला गेलो होतो हे त्याला सांगत बसावे लागते.

कुटुंबातला माग हा मात्र वेगळा आणि अधिक नाजूक प्रश्न आहे, आणि तिथे न्यायालयांचे दाखले पुरत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेले वडील दार उघडून निघून जातात तेव्हा घरच्यांनी त्यांच्या खिशात फोन किंवा ठिकाण कळवणारा छोटा टॅग ठेवला, तर त्यांना खासगीपणाचे धडे देण्याइतके कठोर कुणी होऊ नये. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही तेच. पण तोच मुलगा सतरा वर्षांचा झाल्यावर तेच ॲप तसेच चालू राहते, कारण ते बंद करण्यासाठी कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो आणि भीती कमी झाल्याशिवाय तो घेतला जात नाही. आपण कुठे जातो ते आईवडिलांना सांगणे ही त्या वयात शिकण्याची गोष्ट आहे. न विचारता सगळे दिसतच असेल तर सांगण्याला अर्थ उरत नाही, आणि विश्वास ठेवण्याची संधी दोघांच्याही हातून निसटते. पतिपत्नींमध्ये तर 'माझ्यावर प्रेम असेल तर लोकेशन दाखव' ही मागणी संमतीचे रूप घेऊन येते. ज्या घरात मारहाण होते तिथे नकार देणे शक्य नसते, आणि होकार दिला की पळून जाण्याचा रस्ताही दिसत राहतो. काळजी आणि कब्जा यांतला फरक ॲपला कळत नाही; म्हणून तो ॲपच्या रचनेत आणावा लागतो.

तो आणता येतो याचा पुरावाही आहे. हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये नाण्याएवढे टॅग बाजारात आणले आणि लगेचच ते माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पिशव्यांत आणि गाड्यांत लपवून त्यांचा पाठलाग होऊ लागला. ओरड झाल्यावर इशाऱ्यांत सुधारणा झाल्या, आणि मे २०२४ मध्ये ॲपल व गूगल यांनी मिळून अशी सोय आणली की परका टॅग सोबत फिरत असेल तर कोणत्याही बनावटीच्या फोनवर त्याचा इशारा यावा. नाण्याएवढ्या वस्तूने आपले अस्तित्व जाहीर केले पाहिजे, असे आपण ठरवले असेल, तर त्याहून कितीतरी अधिक जाणणाऱ्या ॲपला लपून राहण्याची मुभा कशासाठी? माग चालू असेपर्यंत फोनच्या पडद्यावर तशी खूण असावी, कोण पाहत आहे त्याचे नाव दिसावे, एका स्पर्शात ते थांबवता यावे, आणि सज्ञान माणसाच्या बाबतीत दिलेली परवानगी ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपावी. घरी पोहोचेपर्यंत तासाभरासाठी लोकेशन पाठवणे आजही अनेक ॲप्समध्ये शक्य आहे आणि रात्रीच्या प्रवासात ती फार मोलाची सोय आहे. मुदत न घालता कायमचा माग देणे हाच पर्याय आधी समोर येतो, ती रचना बदलली पाहिजे.

इथे ठिपक्याच्या खरेपणाबद्दलही बोलायला हवे, कारण घराघरांतली अनेक भांडणे त्यावरून होतात. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत ठिकाण सांगते. उंच इमारतींच्या गर्दीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर सरकतो. घरात वाय-फायचा आधार घ्यावा लागतो, आणि एखाद्याने आपला राउटर दुसऱ्या गावी नेला असेल तर नोंद दुरुस्त होईपर्यंत फोनही चुकीचे गाव दाखवू शकतो. फक्त टॉवर उपलब्ध असेल तर उत्तर म्हणजे एक भलेमोठे वर्तुळ असते आणि माणूस त्यात कुठेही असू शकतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ठिकाण वारंवार तपासतही नाही. तेव्हा दिसणारा ठिपका कधी कधी अर्ध्या तासापूर्वीचा असतो. पण पाहणाऱ्याला वर्तुळ दिसत नाही, त्याला ठिपकाच दिसतो, आणि समोरच्या माणसाच्या शब्दापेक्षा त्याला तो अधिक खरा वाटतो.

राहिला बाजाराचा मुद्दा. लोकांनी स्वतःच परवानगीचे बटण दाबले आहे, बदल्यात त्यांना मोफत नकाशे आणि वाहतूक कोंडीची खबर मिळते, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. हजारो फोनच्या वेगावरून कोंडी कळते हे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे, पण त्यासाठी कोणता फोन काल रात्री कुठे होता हे ठाऊक असण्याची गरज नाही. संमतीचे म्हणाल, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. लोकेशनच्या इतिहासाची एक सेटिंग बंद केली तरी दुसऱ्या सेटिंगमधून नोंद चालूच राहते हे वापरकर्त्यांना नीट सांगितले गेले नाही, असा त्या राज्यांचा आरोप होता. सेटिंगांच्या या जंगलात वाट काढण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकून त्याला संमती म्हणणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. उलट २०२० पासून आयफोनवर आणि २०२१ पासून अँड्रॉइडवर ॲपला नेमके ठिकाण न देता केवळ अंदाजे परिसर देण्याची सोय आली, आणि त्यामुळे हवामान सांगणारे कोणतेही ॲप बंद पडले नाही.

राहता राहिले ते हताश झालेले लोक, ज्यांच्या मते आता फार उशीर झाला आहे. त्यांना मी एवढेच सांगेन की ठावठिकाण्याची नोंद लवकर जुनी होते. माणसे घरे बदलतात, नोकऱ्या बदलतात, माणसांशी असलेली नाती बदलतात. तीन वर्षांपूर्वीच्या मागातून माणसाचे आजचे आयुष्य पूर्ण कळत नाही, आणि म्हणूनच विकणाऱ्यांना रोज ताजी नोंद लागते. आज पुरवठा थांबवला तर त्याचा परिणाम आजपासून होतो. आणि हे होऊ शकते. गूगलनेच डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की लोकांच्या प्रवासाचा इतिहास यापुढे कंपनीच्या सर्व्हरऐवजी त्यांच्या फोनमध्ये ठेवला जाईल. वर्षानुवर्षे जो साठा अपरिहार्य वाटत होता त्याच्याविना ती सेवा चालू शकते, हे त्यातून दिसले. मात्र कंपनीने स्वेच्छेने केलेला बदल ती स्वेच्छेने फिरवूही शकते. म्हणून ही रचना कायद्यात यायला हवी: ठिकाणाची नोंद फोनबाहेर नेणाऱ्याने ती कशासाठी आणि किती दिवस हवी हे आधी लिहून द्यावे, ती तिसऱ्याला विकण्यास बंदी असावी, मुदत संपल्यावर ती पुसली गेल्याची तपासणी स्वतंत्र यंत्रणेने करावी, आणि ज्याची नोंद आहे त्याने मागितल्यास ती संपूर्ण त्याच्या हाती पडावी. श्पित्झ यांना स्वतःच्याच सहा महिन्यांसाठी न्यायालयात जावे लागले होते. पुढच्या माणसाला एका अर्जावर ते मिळायला हवे.